कोण म्हणतं?

माझ्या पहिल्या बातमीचा कागद तपासून परत आला तेव्हा त्यावर फारशी लाल शाई नव्हती. दोन ठिकाणी स्वल्पविराम, एक स्पेलिंग, आणि तिसऱ्या परिच्छेदातल्या एका वाक्याखाली सरळ रेघ. वाक्य असं होतं की आपल्या कॉलेजात बरीच मुलं उपाशीपोटी वर्गात बसतात. समासात शिकवणाऱ्या बाईंनी दोनच शब्द लिहिले होते. इंग्रजीतही दोन आणि मराठीतही दोनच होतील: कोण म्हणतं? रात्रीचे पावणेदहा झाले होते. पार्किंगमध्ये गाडीत बसून, आतला दिवा लावून मी ते शब्द परत परत वाचले. मला राग आला होता. कॉलेजातल्या फूड पँट्रीसमोरची, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना फुकट शिधा देणाऱ्या खोलीसमोरची, रांग मी स्वतः बघितली होती, शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पोटाचा आवाज मी स्वतः ऐकला होता, आणि सगळेच तर म्हणत होते. गाडी सुरू करता करता मी स्वतःशीच पुटपुटले, "बसतात म्हणे उपाशी." आणि तो 'म्हणे' तोंडातून गेल्यावर हात किल्लीवर तसाच राहिला.

हे कॉलेज आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, कॅलिफोर्नियात. कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्याकडच्या लोकांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मला ठाऊक आहे, कारण अकरा वर्षं तो माझ्याही चेहऱ्यावर होता. इथे मेरिट लिस्ट लागत नाही. बारावीला किती पडले हे कुणी विचारत नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला अभ्यासक्रमाच्या एका युनिटचे ४६ डॉलर भरायचे आणि वर्गात जाऊन बसायचं. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात सहा विद्यार्थ्यांवर हा प्रकार सुरू झाला, आणि आता एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याच्या मागोमाग आलेली. त्या व्हिसावर पगाराची नोकरी करता येत नाही, पण शिकता येतं. २०१५ मध्ये आमच्यातल्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला. माझ्या हातात ते कार्ड पडलं तोवर हिशेबाच्या नोकरीतलं माझं मन पार उडालं होतं. सांगलीला बी.कॉम. करताना मला खरं तर पत्रकारितेला जायचं होतं, पण ते कुणाला बोलून दाखवायचंही सुचलं नव्हतं. धाकटा सहावीत गेला तेव्हा नवरा म्हणाला, आता तुझं बघ काहीतरी. मी 'मास कम्युनिकेशन'चा वर्ग घेतला, आणि पुढच्या सत्रात 'न्यूजरायटिंग'.

संध्याकाळी साडेसहाचा वर्ग. पहिल्या बाकावर गोदामातली पाळी संपवून थेट येणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याच्या अंगाला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास. मागे सैन्यातून परतलेला चाळिशीचा एक गृहस्थ, तो वही नेहमी टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचा. फिलिपिन्सच्या एक आजी, ज्यांच्या डब्यातला भात लसणाचा असायचा आणि झाकण उघडताच मला भूक लागायची. हायस्कूलमधली एक सोळा वर्षांची मुलगी, जिला वर्ग सुटल्यावर वडील घ्यायला यायचे. आणि मी, सेहेचाळीस वर्षांची, केसांना मेंदी लावलेली. या वयात बाकावर बसताना लाज वाटेल अशी भीती होती. ती पहिल्या आठवड्यातच गेली, कारण तिथे कुणीच 'योग्य वयाचं' नव्हतं.

शिकवणाऱ्या बाई वीसेक वर्षं एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार होत्या. पेपर आक्रसत गेला तशा त्या इकडे वळल्या. तीन कॉलेजांत शिकवतात, सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या. अशा प्राध्यापकांना इथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. त्यांच्या गाडीच्या डिकीत तिन्ही कॉलेजांच्या पेपरांचे तीन गठ्ठे रबर लावून ठेवलेले असतात. त्यांना नावाने हाक मारा असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. वर्गातल्या सगळ्यांना ते जमलं. मी आजही 'प्रोफेसर' म्हणते, आणि मनात 'बाई'.

बाईंचा नियम असा की बातमीत माणूस फक्त 'सेड' करतो. तो उद्गारत नाही, ठासून सांगत नाही, दावाही करत नाही. आणि दुसऱ्यांदा उल्लेख आला की नुसतं आडनाव. मागे-पुढे श्री नाही, डॉक्टर नाही, काही नाही. कॉलेजच्या अध्यक्षांचं आडनाव, सेड. रात्री वर्ग झाडायला येणाऱ्या काकांचं आडनाव, सेड. इथे माझं पेन अडलं. त्या काकांचे केस पांढरेशुभ्र आहेत, चालताना ते किल्ल्यांचा जुडगा हाताने धरून ठेवतात, आवाज होऊ नये म्हणून. त्यांना नुसतं आडनावाने लिहायचं म्हणजे मला त्यांना अरे-तुरे केल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की आपल्या पेपरांत काय असतं. मंत्री म्हणाले. आरोपी म्हणाला. कुलगुरू म्हणाल्या, आणि भाजीवाली म्हणाली. तिचं वय कुलगुरूंपेक्षा दहा वर्षांनी जास्त असलं तरी 'म्हणाली'च. आपल्याकडे क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरातच माणसाची पायरी ठरून जाते, आणि ती लिहिणाऱ्याने ठरवलेली असते. मी लहानपणापासून रोज पेपर वाचत आले, पण हे एकदाही डोळ्यांत आलं नव्हतं. इंग्रजीचं ते कोरडं 'सेड' मला आधी अंगावर आलं, नंतर आवडलं. पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांचं नुसतं आडनाव लिहिताना मात्र मला काहीच अवघड गेलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

तर तो 'म्हणे'.

वर्गात मी तो समजावून सांगायचा प्रयत्न केला. आमच्या भाषेत एक शब्द आहे, तो बहुतेकदा वाक्याच्या शेवटी येतो, आणि तो आला की बोलणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. त्यांनी इंग्रजी शब्द सुचवले, त्या सगळ्यांत थोडी शंका होती, थोडा नाकाचा शेंडा वर होता. 'म्हणे' शंका घेत नाही. हमीही देत नाही. पाऊस येणार म्हणे. तिची सून नांदत नाही म्हणे. आटपाट नगर होतं म्हणे, तिथे राजा होता म्हणे. आजी गोष्ट सांगायची तेव्हा प्रत्येक वाक्याला तो शब्द पाय पोटाशी घेऊन बसलेल्या मांजरासारखा येऊन बसायचा. त्यात एक प्रामाणिकपणाही आहे. मी पाहिलं नाही, माझ्या कानावर आलंय, एवढंच तो सांगतो. मला तो शब्द फार प्रिय आहे. परदेशात इतकी वर्षं काढल्यावर फोनवर आईच्या बोलण्यात तो आला की मला घराच्या चौकातला ओल्या फरशीचा वास येतो. म्हणूनच गाडीत बसल्या बसल्या जे आठवलं ते आठवायला नको होतं.

माझी आत्या शिक्षिका होती. कृष्णाकाठचं आमचं गाव, तिथल्याच शाळेत. मी नऊ वर्षांची असेन. त्या वर्षी सहलीची जबाबदारी तिच्याकडे होती. एसटीची गाडी प्रासंगिक कराराने ठरवली होती, प्रत्येकी पस्तीस रुपये जमा केले होते. काहीतरी होऊन सहल रद्द झाली. पैसे शाळेच्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर. पंधरा-सोळा दिवस पैसे परत मिळाले नाहीत. तेवढ्या दिवसांत गावात ते वाक्य उगवलं. सहलीचे पैसे बाईंनी ठेवले म्हणे. पहिल्यांदा कोण बोललं हे कधीच कळलं नाही. कुणी बोललंच नव्हतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. मुख्याध्यापक आले, तिजोरी उघडली, पालकांच्या सह्या घेऊन पैन्पै वाटली गेली. सह्यांचा तो कागद आत्याने जपून ठेवला होता. पण वाक्य मागे घ्यायला कोण येणार? ज्याने म्हटलं त्याने मागे घ्यायचं असतं, आणि म्हटलं तर कुणीच नव्हतं. तसं मोठं काही घडलंही नाही. नोकरी राहिली, पगार चालू राहिला. फक्त आमच्या आळीच्या गणपतीच्या वर्गणीची वही, जी दर वर्षी श्रावणात आत्याकडे यायची, लाल पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली, ती त्या वर्षी आली नाही. आणि नंतर कधीच आली नाही. दोन वर्षांनी आत्याने विनंती बदली मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत सकाळच्या एसटीने दुसऱ्या गावाला जात राहिली.

त्या पंधरा दिवसांतली एक दुपार मला स्वच्छ दिसते. शेजारच्या ओट्यावर चार-पाच बायका भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या, बियाण्यासाठी. मीही सुपाशी बसले होते. बोटांना टरफलांची धूळ, अंगठ्याचं नख दुखत होतं. मोठ्यांच्या बोलण्यात आपणही काही बोलावं असं त्या वयात फार वाटतं. मी म्हटलं, "आमच्या आत्यानं सहलीचे पैसे ठेवलेत म्हणे." शेंगा फुटायचा आवाज थांबला. सगळ्या हातांचा एकदम. त्या शांततेत मला मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, ते मी विसरलेले नाही. संध्याकाळपर्यंत गावातल्या वाक्याला एक शेपूट जोडलं गेलं: घरातल्याच पोरीनं सांगितलं म्हणे. ज्याला आजवर कुणाचंच नाव नव्हतं त्याला एक नाव मिळालं, ते माझं.

सदतीस वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे, एका कागदाच्या समासात कुणीतरी विचारलं, कोण म्हणतं?

पुढच्या आठवड्यात बदनामीच्या कायद्याचा धडा होता. अमेरिकेत तो 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन' या १९६४ च्या खटल्याशिवाय शिकवताच येत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मदतीसाठी १९६० साली पानभर जाहिरात छापली गेली. तीत बारीकसारीक चुका होत्या. किंगना चार वेळा अटक झाली होती, जाहिरातीत सात लिहिलं होतं. विद्यार्थ्यांनी म्हटलेलं गाणंसुद्धा चुकीचं छापलं होतं. माँटगोमेरी शहराच्या पोलीस खात्यावर देखरेख असलेल्या आयुक्तांनी, जाहिरातीत त्यांचं नाव नसतानाही, दावा लावला, आणि अलाबामाच्या ज्यूरीने त्यांना पाच लाख डॉलर मंजूर केले. सुप्रीम कोर्टाने तो निकाल एकमताने फिरवला: सार्वजनिक पदावरच्या माणसाबद्दल लिहिताना चूक झाली एवढ्याने भागत नाही, खोटं आहे हे माहीत असून किंवा खरं-खोटं याची पर्वाच न करता लिहिलं, हे सिद्ध करावं लागेल. बाईंनी सांगितलं, आपापल्या देशातलं किंवा गावातलं एखादं उदाहरण आणा.

मी 'केसरी' नेला. १८८१ च्या जानेवारीत सुरू झालेला पेपर, आणि पुढच्याच वर्षी टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे, त्याला दिवाण बर्वे जबाबदार आहेत, असा मजकूर त्यांनी छापला. ज्या पत्रांच्या आधाराने छापला ती पत्रं बनावट निघाली. माफी मागितली तरी खटला चालला, चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस त्यांनी काढले. शाळेत दर १ ऑगस्टला मी टिळकांवर भाषण केलंय. शेंगांची टरफलं मी उचलणार नाही, हे वाक्य मी हात उंच करून म्हटलेलं आहे. डोंगरीचाही उल्लेख असायचा, पण तो देशासाठी सोसलेल्या तुरुंगवासांच्या यादीत. पत्रं खोटी होती हे भाषणाच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. वर्गासाठी तयारी करताना मी ते नीट वाचलं आणि मला विचित्र वाटलं. त्यांच्याबद्दलचा आदर तसूभर कमी झाला नाही. उलट जवळचे वाटले, विशी ओलांडलेले दोन तरुण, राजाच्या काळजीने पेटलेले, हातात पत्रं आली आणि विश्वास बसला. पण बर्व्यांच्या घरी त्या दिवसांत काय झालं असेल, याचा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला. दिवाणांच्या घरातही कुणी नऊ वर्षांचं मूल असेलच. माझं बोलून झाल्यावर सैन्यातल्या गृहस्थांनी एकच विचारलं, "ती पत्रं आणणाऱ्याला त्यांनी विचारलं होतं का, तुझ्याकडे कुठून आली?" मी खाली बसले.

मग मी माझ्या वाक्याकडे परत गेले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने २०२२ पासून प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात 'बेसिक नीड्स सेंटर', म्हणजे विद्यार्थ्यांच्या मूलभूत गरजांसाठीचं केंद्र, ठेवणं भाग आहे, आमच्याकडे ते, फूड पँट्रीसकट, ग्रंथालयाच्या मागे, मायक्रोवेव्हच्या खोलीला लागून आहे. मंगळवारी मी तिथे अकरा ते एक उभी राहिले आणि वहीवर रेघा मारत गेले, आपण दूधवाल्याच्या हिशेबाला मारतो तशा, चार उभ्या आणि एक आडवी. एकेचाळीस जण आले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी मला स्वतःचं नाव घालून सांगितलं की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सर्वांत आधी भात आणि डबाबंद घेवडा संपतो. झाडणाऱ्या काकांनी सांगितलं की संध्याकाळी केराच्या टोपल्या आता पूर्वीपेक्षा हलक्या लागतात, कुणी अर्धं टाकून जात नाही. त्यांनी आडनावाची स्पेलिंग मला दोनदा सांगितली आणि वहीत डोकावून तपासली. आयुष्यात पहिल्यांदा छापून येणार होतं ते.

आणि एक मुलगी भेटली. विशीच्या आतली, नर्सिंगला जायचं आहे असं म्हणाली. फोनवर मी रेकॉर्ड करत होते, तिची परवानगी घेऊन. सकाळी काय खाल्लंस, मी विचारलं. काल रात्री खाल्लं होतं, ती म्हणाली. आई समजते की मी कॉलेजच्या कँटीनमध्ये जेवते. मग ती थांबली आणि म्हणाली, "माझं नाव नको." घरी आल्यावर मी ते कितीदा तरी ऐकलं. 'नाव नको'नंतर अकरा सेकंद कुणीच बोलत नाही. पलीकडच्या खोलीतला मायक्रोवेव्ह फिरतो आहे, कुणाची तरी खुर्ची सरकते, मायक्रोवेव्ह तीनदा वाजतो. मग माझाच आवाज, एकदम सांगलीचा, घाईत निघालेला: "नाही घालणार."

शब्द देऊन बसले आणि मग घाबरले. नाव नाही तर परत 'म्हणे'च की. बाईंकडे गेले. त्यांनी डिकीतला गठ्ठा बाजूला सारला, तिथेच टेकून ऐकलं. म्हणाल्या, नाव छापू नका, पण संपादकाला नाव माहीत पाहिजे, तुम्हाला तिचा चेहरा माहीत पाहिजे, आणि उद्या कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून 'मी विचारलं होतं' असं सांगणारं माणूस पाहिजे. एवढं असेल तर नाव झाकलेलं आहे, नाहीसं झालेलं नाही. विद्यार्थ्यांच्या पेपरची संपादक बावीस वर्षांची आहे. तिने दार लावून घेतलं, माझ्याकडून नाव ऐकलं, रेकॉर्डिंग ऐकलं, आणि पहिल्यांदा विचारलं ते हे, की त्या मुलीला जेवायला काही मिळालं का. मिळालं होतं. मी निघताना माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या आणि भाजी तिला दिली होती. ते बातमीत नाही, कारण बातमीदाराने तसं करावं की नाही याबद्दल वर्गात अजून एकमत झालेलं नाही.

बातमी छापून आली त्या रविवारी मी आत्याला फोन केला. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण फोन कानाला लावला की तिचा शिक्षिकेचा आवाज परत येतो. मी तिला ओट्यावरची दुपार सांगितली. सदतीस वर्षं सांगितली नव्हती. पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला असावा, परत आली. "तू मलाही विचारलं होतंस," ती म्हणाली. "मागच्या दाराच्या पायरीवर. मी तांदूळ निवडत होते. 'आत्या, तू पैसे ठेवलेस का गं?' अख्ख्या गावात तोंडावर विचारणारी तू एकटी."

मला हे अजिबात आठवत नाही. पायरी आठवते, तांदळाचं ताट आठवतं, प्रश्न नाही. मी विचारलं, हे ओट्यावर बोलण्याच्या आधी की नंतर? माझ्यासाठी त्यावर सगळंच अवलंबून होतं. आत्या थोडा वेळ गप्प राहिली, खरोखर आठवायचा प्रयत्न करत असावी. "ते काही सांगता यायचं नाही बाई," ती म्हणाली. "एवढं कुठलं लक्षात राहायला." मग म्हणाली, "तुझी ती बातमी वाचून दाखव. इंग्रजी नको, आपल्यात सांग."

मी पेपर टेबलावर पसरला आणि एकेक वाक्य मराठीत करत वाचू लागले. कर्मचाऱ्यांचं झालं. मग काकांचं वाक्य आलं, टोपल्या हलक्या लागतात ते. आडनाव घेतलं, आणि पुढच्या 'सेड'ला क्षणभर थांबले. मग म्हटलं, "म्हणाले." पुढे त्या मुलीचं वाक्य होतं, नाव नसलेलं. आत्या ऐकत होती.

"काल रात्री खाल्लं होतं," मी वाचलं, "असं त्या म्हणाल्या."